सिगारेट न ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण "सिगारेट ओढायचे का?" असे विचारतो. माझ्या मावशीच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होते. पण मग तिला हा आजार कशामुळे झाला, याचे उत्तरही कोणाकडे नव्हते. तिच्या आजारपणात आणि नंतरच्या वर्षांत या विषयावर जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांच्या रूपात येथे मांडले आहे. हे वैद्यकीय सल्ल्याच्या जागी वापरू नये.

आयुष्यात कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो का?

होतो, आणि तो फार दुर्मीळही नाही. जगभरात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते पंचवीस जणांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. अमेरिका आणि युरोपात हे प्रमाण कमी आहे. पूर्व आशियातील स्त्रियांमध्ये मात्र बहुसंख्य रुग्ण कधीच सिगारेट न ओढलेल्या असतात. न ओढणाऱ्यांना होणारा हा कर्करोग स्वतंत्र आजार म्हणून मोजला, तर कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या जागतिक यादीत तो पहिल्या दहांत येतो.

यावरून धूम्रपानाचा धोका कमी आहे असा अर्थ कोणी काढू नये. विडी-सिगारेट हे या आजाराचे आजही सर्वांत मोठे कारण आहे आणि नियमित ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. पण एक कारण मोठे असले म्हणून बाकीची कारणे नाहीशी होत नाहीत, आणि नेमकी तीच आपल्याकडे दुर्लक्षित राहिली आहेत.

"धूम्रपान न करणारा" म्हणजे नेमके कोण?

संशोधनात साधारणपणे संपूर्ण आयुष्यात शंभरपेक्षा कमी सिगारेटी ओढलेल्या व्यक्तीला "कधीच न ओढणारा" मानतात. महाविद्यालयात असताना मित्रांबरोबर चार-दोन झुरके मारलेला माणूस याच गटात येतो. दहा वर्षे ओढून नंतर सोडलेला माणूस मात्र या गटात येत नाही. त्याचा धोका सोडल्यापासून वर्षागणिक घटत जातो, तरी न ओढणाऱ्याच्या पातळीवर सहसा येत नाही.

भारतात असे रुग्ण किती आहेत?

२०२२ सालच्या जागतिक अंदाजांनुसार भारतात त्या एका वर्षात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार जण या आजाराने दगावले. हे दोन आकडे इतके जवळजवळ आहेत, यातच निदान किती उशिरा होते ते दिसते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याकडील सुमारे पाचशे रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतील जवळपास निम्म्या रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. टाटामध्ये देशभरातून विशिष्ट प्रकारचे रुग्ण येतात, त्यामुळे हा आकडा साऱ्या भारताला जसाच्या तसा लावता येणार नाही; उत्तर भारतात, जेथे विडी फार ओढली जाते, तेथील रुग्णालयांत ओढणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळते. तरीही एका मोठ्या रुग्णालयात निम्मे रुग्ण या गटातले असणे ही साधी गोष्ट नाही. शिवाय भारतीय रुग्णांमध्ये हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे आधी दिसतो, म्हणजे घर चालवणारा माणूस ऐन कर्तेपणात आजारी पडतो.

हा कर्करोग ओढणाऱ्यांच्या कर्करोगापेक्षा वेगळा असतो का?

बऱ्याच अंशी वेगळा असतो. न ओढणाऱ्यांमध्ये प्रामुख्याने ॲडिनोकार्सिनोमा हा प्रकार आढळतो. तो श्लेष्मा तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींमधून उगवतो आणि बहुधा फुप्फुसाच्या कडेच्या भागात वाढतो. मोठ्या श्वासनलिका तेथून दूर असल्यामुळे सुरुवातीला खोकलासुद्धा येत नाही आणि आजार गुपचूप पसरतो.

पेशीच्या आतला बिघाडही निराळा असतो. तंबाखूच्या धुरामुळे पेशींच्या जनुकांमध्ये हजारो लहानमोठी उत्परिवर्तने, म्हणजे कायमचे बदल, होतात. न ओढणाऱ्यांमध्ये त्यांची संख्या बरीच कमी असते आणि अनेकदा एखाद्याच जनुकातील बिघाड साऱ्या वाढीला कारणीभूत ठरतो. त्यांतील सर्वांत परिचित जनुक म्हणजे ईजीएफआर. त्यातील उत्परिवर्तनाचा शोध २००४ मध्ये लागला आणि त्यावर नेमके काम करणाऱ्या गोळ्या आज उपलब्ध आहेत. भारतीय रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश रुग्णांत हे उत्परिवर्तन सापडते, आणि न ओढणाऱ्यांमध्ये त्याहून अधिक. म्हणून बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याच्या, नमुन्यावर जनुकीय चाचणी झाली आहे की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने आवर्जून विचारावे.

घरातील दुसरी व्यक्ती ओढत असेल तर धोका किती?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर जपानमधून आले. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे पाठपुरावा केला आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडला, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका पत्नीच्या फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका जास्त. त्याच वर्षी ग्रीसमधूनही तशाच स्वरूपाचा अभ्यास आला. तंबाखू उद्योगाने या निष्कर्षांवर जोरदार हल्ला चढवला, पण पुढील वीस-पंचवीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनी तेच दाखवले. ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्या व्यक्तीचा धोका साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, हे आता सर्वमान्य आहे.

जळत्या टोकावरून हवेत जाणारा धूर ओढणाऱ्याने आत घेतलेल्या धुरापेक्षा कमी तापमानाला आणि फिल्टरशिवाय निघतो, त्यामुळे त्यात काही घातक द्रव्ये जास्त प्रमाणात असतात. खिडकीत उभे राहून ओढले म्हणजे घरातले सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायदा येत नाही, तेथे घरातल्या माणसांनीच बोलावे लागते. सुनेने सासऱ्यांना हे सांगणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या तोंडून सांगवून घेतलेले बरे.

आमच्या आईने चाळीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. त्याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो. माझ्या मते आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे.

याचा सगळ्यांत बोलका पुरावा चीनमधील युन्नान प्रांतातल्या श्युआनवेई या भागातून मिळतो. तेथील स्त्रिया जवळजवळ अजिबात ओढत नाहीत, तरी त्यांच्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण चीनमधील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. शोध घेता असे दिसले, की तेथे धूर देणारा दगडी कोळसा घरातच, धुराड्याविना, जमिनीतल्या खड्ड्यात जाळत असत. जी घरे वेगळ्या जातीचा, कमी धुराचा कोळसा वापरत, तेथे हा आजार फारच कमी होता. पुढे अनेक कुटुंबांनी धुराडे असलेल्या शेगड्या बसवल्या. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. धुराडे बसवल्यानंतर धोका पुरुषांमध्ये सुमारे ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये सुमारे ४६ टक्क्यांनी घटला होता. इंधन तेच, स्वयंपाक तोच. धूर बाहेर जायला फक्त वाट मिळाली.

आपल्याकडे चुलीत दगडी कोळशाऐवजी लाकूड, गोवऱ्या, तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जळतात. जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था घरात जाळलेल्या कोळशाच्या धुराला "निश्चितपणे कर्करोगकारक" मानते, तर लाकूड व तत्सम इंधनाच्या धुराला "बहुधा कर्करोगकारक" या एक पायरी खालच्या गटात ठेवते. म्हणजे लाकडाच्या धुराविरुद्धचा पुरावा कोळशाइतका पक्का नाही. पण लाकडाच्या धुरातही बेंझोपायरीन आणि फॉर्माल्डिहाइड ही कर्करोगकारक रसायने असतात आणि श्वासाबरोबर खोल जाणारे सूक्ष्म कण असतात. दम्यासारखे जुनाट श्वसनविकार तर त्याने होतातच.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे कोट्यवधी घरांत गॅस आला. मात्र सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की तोच गॅस पाहुण्यांच्या चहापुरता उरतो आणि भाकरी चुलीवरच होते. ज्या घरात गॅस आहे तेथेही अंघोळीच्या पाण्याचा बंब सकाळी पेटतो. ज्या बाई दिवसाचे तीन-चार तास चुलीपुढे फुंकणी घेऊन बसतात, त्यांच्या छातीत जाणारा धूर कोणत्याही नोंदीत येत नाही. मावशीचे सासर सातारा जिल्ह्यातले. तिच्या स्वयंपाकघरातले कौलांखालचे वासे धुराने काळे कुळकुळीत झालेले मला आठवतात. तिचा आजार त्यामुळेच झाला असे मी म्हणू शकत नाही. तिला एकाही डॉक्टरने चुलीबद्दल विचारले नाही, एवढे मात्र खरे.

फोडणीच्या आणि तळणाच्या धुराचे काय?

चीन आणि तैवानमध्ये कढईत तेल अतिशय तापवून, धूर निघू लागल्यावर पदार्थ परतण्याची पद्धत आहे, आणि बंद स्वयंपाकघरात असे वर्षानुवर्षे करणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका वाढलेला आढळला आहे. ल्योनच्या संस्थेने उच्च तापमानाच्या तळणातून निघणाऱ्या वाफेलाही "बहुधा कर्करोगकारक" म्हटले आहे. आपली रोजची फोडणी क्षणभराची असते, त्यामुळे तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. वडापावच्या गाडीवर किंवा खानावळीच्या भट्टीपुढे दिवसाचे दहा तास उभे राहणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तेलातून निळसर धूर येऊ देऊ नये, आणि तळताना खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असावा.

उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल?

सायंकाळी देवापुढे लावलेल्या एका उदबत्तीने कर्करोग होतो असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. डासांच्या कॉइलबद्दल मात्र मी अधिक सावध राहीन. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात एक कॉइल जळताना निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरले होते. दारे-खिडक्या लावून रात्रभर कॉइल पेटवून त्याच खोलीत लहान मुलांना झोपवण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी चांगली.

बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने खरेच कर्करोग होतो का, की ही केवळ भीती आहे?

खरेच होतो. ल्योनच्या संस्थेने ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरील हवेच्या प्रदूषणाला आणि त्यातील कणांना निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. डिझेलच्या धुराला ही जागा त्याआधीच, जून २०१२ मध्ये मिळाली होती. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही याच गटात आहेत. पण गट एकच असल्याचा अर्थ धोका सारखाच असल्याचा नव्हे. गटावरून पुरावा किती पक्का आहे एवढेच कळते.

यातले मुख्य आरोपी म्हणजे पीएम २.५, अर्थात अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांचा बारीकपणा लक्षात यावा. नाकातले केस आणि घशातला चिकटपणा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारताची अधिकृत मर्यादा ४० आहे. म्हणजे आपल्याकडे हवा कागदोपत्री "मर्यादेत" असली, तरी ती जागतिक मर्यादेच्या आठपट असू शकते.

हे कण नेमके काय करतात, यावर लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवान येथील माहिती पडताळली, तेव्हा जेथे पीएम २.५ जास्त, तेथे ईजीएफआर उत्परिवर्तन असलेला कर्करोगही जास्त आढळला. त्यानंतर २९५ व्यक्तींच्या फुप्फुसांतील निरोगी दिसणाऱ्या भागाची बारकाईने तपासणी केली असता सुमारे १८ टक्के नमुन्यांत ईजीएफआरचे तेच उत्परिवर्तन असलेल्या पेशी सापडल्या. म्हणजे वाढत्या वयाबरोबर अशा बिघडलेल्या पेशी आपल्यापैकी अनेकांच्या फुप्फुसांत तयार होतात आणि काही न करता पडून राहतात. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की प्रदूषणाचे कण आत गेले की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे द्रव्य सोडतात, त्याने दाह होतो आणि त्या निजलेल्या पेशी वाढू लागतात. ते द्रव्य अडवल्यावर गाठी होण्याचे प्रमाण घटले.

२०२५ मध्ये आलेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात जगाच्या २८ प्रदेशांतील, कधीच न ओढलेल्या ८७१ रुग्णांच्या गाठींची जनुकीय तपासणी झाली. त्यात जास्त प्रदूषित भागांतील रुग्णांच्या गाठींत उत्परिवर्तनांची संख्याही जास्त होती. म्हणजे प्रदूषण निजलेल्या पेशींना जागे करते आणि पेशींमध्ये नवे बिघाडही घडवते. हा पुरावा वाचल्यावर दिवाळीनंतर मुंबई-पुण्याच्या हवेवर साचणारा धुरकटपणा केवळ डोळ्यांना टोचणारी बाब राहत नाही.

रेडॉन म्हणजे काय, आणि आपल्याला त्याची काळजी करावी लागेल का?

जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून तयार होणारा हा किरणोत्सर्गी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तो जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो, त्याच्या विघटनातून निघणारे कण श्वासाबरोबर फुप्फुसात चिकटतात आणि तेथेच किरणोत्सर्ग करत राहतात. युरोपात श्नीबर्ग आणि याखिमोव्ह येथील खाणकामगार ज्या "डोंगराच्या आजाराने" शतकानुशतके मरत होते, तो फुप्फुसाचाच आजार असल्याचे १८७९ मध्ये नोंदवले गेले आणि पुढे त्याचा संबंध रेडॉनशी जोडला गेला. अनेक देशांत तंबाखूनंतरचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण म्हणून रेडॉनकडेच बोट दाखवले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजाने तेथे दरवर्षी २१ हजार मृत्यू रेडॉनमुळे होतात आणि त्यांतील सुमारे २,९०० न ओढणाऱ्यांचे असतात.

थंड प्रदेशात घरे घट्ट बंद असतात आणि त्यांना तळघर असते, त्यामुळे रेडॉन साचतो. आपल्याकडे दारे-खिडक्या वर्षातला बराच काळ उघड्या असतात, हवा खेळती राहते, म्हणून सर्वसाधारण घरात ही चिंता मागे पडते. पण ज्यांची मुले अमेरिकेत किंवा युरोपात तळघर असलेल्या घरात राहतात, त्यांनी घर घेताना रेडॉनची चाचणी जरूर करवून घ्यावी. चाचणी स्वस्त असते आणि पातळी जास्त निघाली तर नळी व पंखा बसवून वायू बाहेर काढता येतो. जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) ही मर्यादा सुचवते.

कामाच्या ठिकाणी कोणत्या गोष्टींमुळे धोका वाढतो?

ॲस्बेस्टॉस, सिलिकाची धूळ, डिझेलचा धूर, वेल्डिंगचा धूर, तसेच क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि आर्सेनिक यांची विशिष्ट संयुगे. खडी क्रशरवर, दगडाच्या खाणीत, जहाजे तोडण्याच्या कामात, गॅरेजमध्ये आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करणारे हजारो लोक हे रोज श्वासात घेतात आणि त्यांच्या तोंडाला बहुतेक वेळा केवळ रुमाल बांधलेला असतो. रुमालाने सिलिकाचे बारीक कण अडत नाहीत.

ॲस्बेस्टॉसबद्दल लोक विशेष विचारतात, कारण ॲस्बेस्टॉस घातलेले सिमेंटचे पत्रे गावोगावी आहेत. अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली आहे. भारतात त्याचा पांढरा प्रकार आयात करून वापरला जातो. घराच्या छपरावरचा धड पत्रा सहसा तंतू सोडत नाही. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना आणि जुना होऊन झिजल्यावर तंतू हवेत मिसळतात. म्हणून असा पत्रा बदलताना तो ओला करून, न मोडता उतरवावा आणि त्याचे तुकडे मुलांच्या खेळण्यात राहू देऊ नयेत. या तंतूंचा परिणाम वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. निवृत्तीनंतर खोकला सुरू झालेल्या माणसाला आपले तरुणपणातले काम आठवतसुद्धा नाही.

क्षयरोग होऊन गेला असेल तर?

जुन्या क्षयरोगामुळे फुप्फुसात व्रण राहतात, तेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो, आणि अशा व्यक्तींमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करता दिसते. ज्यांना टीबी होऊन बरा झाला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, कारण मूळचा धोका लहान आहे. पण नवा खोकला, वजनातील घट किंवा थुंकीतून रक्त "जुन्या टीबीचेच असेल" म्हणून सोडून देऊ नये.

याहून मोठी अडचण उलट दिशेने येते. आपल्या देशात खोकला, ताप, वजन घटणे आणि एक्स-रेवर डाग एवढे दिसले, की टीबीच आहे असे गृहीत धरले जाते. माझ्या मावशीच्या थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी तिला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या जवळपास सहा महिने चालल्या. डॉक्टरांची नियत वाईट नव्हती. टीबी इतका सर्वत्र आहे की पहिला विचार त्याचाच येतो, आणि बाई सिगारेट ओढत नाही म्हटल्यावर दुसरा विचार येतच नाही. सीटी स्कॅन झाला तेव्हा गाठ छातीबाहेर गेली होती. एवढ्यासाठी माझी कळकळीची विनंती आहे : थुंकीची तपासणी निर्दोष असूनही टीबीचे औषध सुरू केले असेल आणि दोन महिन्यांत एक्स-रेमध्ये सुधारणा दिसत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास बायोप्सी यांचा आग्रह धरा. डॉक्टरांना हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

कबुतरांमुळे कर्करोग होतो का?

थेट होत नाही. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांमुळे काही जणांच्या फुप्फुसाला ॲलर्जीसारखा दाह होतो आणि तो दीर्घकाळ राहिला तर फुप्फुस कडक होते, म्हणजे फायब्रोसिस होतो. फायब्रोसिस झालेल्या फुप्फुसात कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे बाल्कनीत कबुतरे पोसणे टाळावे हे खरे, पण त्याचे मुख्य कारण फायब्रोसिस आहे, आणि तोही तितकाच गंभीर आजार आहे.

मिश्री, तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्यांना हा आजार होतो का?

धूर न काढता घेतलेल्या तंबाखूमुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाशी तिचा संबंध तितका पक्का झालेला नाही. पण तव्यावर तंबाखू भाजून मिश्री तयार करताना निघणारा ठसका घरभर पसरतो, तो तंबाखूचाच धूर असतो हे ध्यानात ठेवावे.

पिण्याच्या पाण्यातूनही फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे खरे आहे का?

आर्सेनिकच्या बाबतीत खरे आहे. चिलीमधील अँटोफागास्ता शहराला १९५८ पासून आर्सेनिकचे प्रमाण फार जास्त असलेल्या नद्यांचे पाणी मिळत होते. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. पाणी सुधारल्यावरही पुढची कित्येक वर्षे त्या भागात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढतच राहिले. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील कूपनलिकांच्या पाण्याचा प्रश्न याच जातीचा आहे.

हा आजार आनुवंशिक आहे का? मुलांना होईल का?

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला फुप्फुसाचा कर्करोग झाला असेल तर धोका साधारण दीड ते दोन पट होतो. त्यातला काही भाग जनुकांचा असतो आणि काही एकाच घरात, एकाच धुरात वाढल्याचा. आधी सांगितलेली ईजीएफआरसारखी उत्परिवर्तने बहुतेक वेळा फक्त गाठीच्या पेशींत असतात. ती जन्मतः नसतात आणि मुलांकडे जात नाहीत. जन्मतः मिळणारा बिघाड अगदी थोड्या घराण्यांत आढळतो.

न ओढणाऱ्यांनी दरवर्षी तपासणी करावी का?

छातीचा साधा एक्स-रे लहान गाठ दाखवू शकत नाही, म्हणून "एक्स-रे स्वच्छ आला" यावर विसंबू नये. कमी किरणोत्सर्गाचा सीटी स्कॅन दाखवू शकतो, पण बहुतेक देशांत तो बराच काळ ओढलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांसाठीच सुचवतात. तैवानने न ओढणाऱ्यांकडेही पाहिले. घराण्यात आजार असणे, दुसऱ्याचा धूर, स्वयंपाकाचा धूर, जुना टीबी असे धोके असलेल्या १२,०११ व्यक्तींच्या तपासणीत २.६ टक्के जणांना फुप्फुसाचा कर्करोग आढळला, आणि २०२२ पासून तेथील सरकारी कार्यक्रमात घराण्यात हा आजार असलेल्यांचा समावेश झाला. दुसरी बाजूही आहे : अशा तपासणीत कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात आणि विनाकारण शस्त्रक्रिया होते. भारतात टीबीचे जुने व्रण इतक्या लोकांत असतात, की सरसकट स्कॅन केल्यास संशयास्पद डागांचा ढीग लागेल. माझे मत असे, की लक्षण नसताना सरसकट स्कॅन करू नये, पण घरातील जवळच्या दोन माणसांना हा आजार झाला असेल तर छातीरोगतज्ज्ञांशी अवश्य बोलावे.

सगळे तपासून पाहिले, तरी कारण सापडत नाही. मग माझे काय चुकले?

बहुधा काहीच चुकलेले नसते. पेशी आयुष्यभर विभागत असतात, प्रत्येक विभागणीत लहान चुका होतात, शरीर त्यांतील बहुतेक दुरुस्त करते आणि एखादी निसटते. अनेक रुग्णांमध्ये कोणतेही एक कारण दाखवता येत नाही. जेथे दाखवता येते, तेथेही ते बहुतेक वेळा रुग्णाच्या हातातले नसते : गावातली चूल, गल्लीतला डिझेलचा धूर, नवऱ्याची विडी, कारखान्यातली धूळ. ज्याने हवा स्वतः निवडलेली नाही त्याने तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. आणि ज्यांनी सिगारेट ओढली त्यांनाही "तुमचेच कर्म" असे ऐकवण्याचा अधिकार कोणाला नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे?

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, बसलेला आवाज, एका बाजूचे छातीचे किंवा खांद्याचे दुखणे, चढ चढताना नव्याने लागणारा दम किंवा कारण नसताना उतरलेले वजन, यांपैकी काहीही असेल तर जावे. "मी ओढत नाही" एवढे सांगून थांबू नये. घरात कोण ओढत होते, किती वर्षे, कोणत्या खोलीत. टीबी कधी झाला होता. नोकरी कोणत्या कारखान्यात, कोणत्या विभागात होती. घराण्यात कोणाला हा आजार होता, हे आठवून एका कागदावर लिहून न्यावे. आणि बाई असतील तर त्यांनी कितव्या वर्षी चुलीपुढे बसायला सुरुवात केली, दिवसाला किती तास आणि त्या स्वयंपाकघराला धुराडे होते का, हेही त्या कागदावर असू द्यावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण सांगावे.